सहापैकी सहा

आमच्या कंपनीच्या पाच बोटी होत्या. त्या स्वतः मासे पकडत नसत. खोल समुद्रात जे मासेमार आठ-आठ दिवस मुक्काम करत, त्यांच्याकडून माल घ्यायचा आणि किनाऱ्यावर आणून पोचवायचा, एवढंच त्यांचं काम. प्रत्येक बोटीच्या पोटात एक थंड खोली असे आणि ती थंड राहावी म्हणून एक जनरेटर रात्रंदिवस धडधडत असे. मुख्य इंजिन बंद पडलं तर बोट तरंगत राहते, कोणीतरी येऊन ओढून आणतं. जनरेटर बंद पडला की मात्र सहा-सात तासांत मालाला वास सुटतो. त्यामुळे आमच्याकडे कप्तानापेक्षा जनरेटर तपासणाऱ्या मिस्त्रीला मान जास्त होता. शिव्याही जास्त होत्या.

मी ऑफिसात नोंदी ठेवतो. बोट कधी आली, कधी गेली, तिच्यावर काय काम झालं, ते कोणी केलं, सामान कोणतं लागलं, याची रजिस्टरं माझ्याकडे असतात. एकतीस वर्षं हेच केलं. त्यातली सव्वीस वर्षं मिस्त्री आणि मी दुपारचा डबा एकाच टेबलावर उघडला. म्हणून त्याच्याबद्दल जे लिहितो आहे ते ऐकीव नाही.

मिस्त्री बुटका, रुंद खांद्यांचा, कमी बोलणारा माणूस. वयाच्या एकोणिसाव्या वर्षी आई-वडील एकाच वर्षात गेले आणि सहा वर्षांचा धाकटा भाऊ त्याच्या पदरात पडला. त्याला वाढवता वाढवता मिस्त्रीचं स्वतःचं लग्न राहून गेलं. कोणी विचारलं तर म्हणायचा, "एक पोर आहे की घरात. आणखी कशाला?"

त्याची तपासणीची पद्धत पाहण्यासारखी होती. बोट धक्क्याला लागली की जनरेटर थंड होईपर्यंत तो हात लावायचा नाही. नुसता बॅटरी घेऊन खाली वाकून बघत बसायचा. कुठे ओल आहे, कुठे काजळी धरली आहे, कुठला नट बाकीच्यांपेक्षा वेगळा चमकतो आहे. मग ऑइलची पट्टी काढून दोन बोटांत ऑइल चोळून वास घ्यायचा. बेल्ट अंगठ्याने दाबायचा. खारं पाणी लोखंडाला खाऊ नये म्हणून आत एक जस्ताची कांडी बसवलेली असते, ती काढून किती झिजली ते पाहायचा. धूर बाहेर नेणाऱ्या नळीच्या प्रत्येक सांध्यावरून पांढरं फडकं फिरवायचा. फडक्याला काळं लागलं की बोट थांबली. मग साहेबांचा फोन येवो, नाहीतर साहेब स्वतः येवोत.

आणि शेवटी तो पाण्याचा पंप उघडायचा. जनरेटर थंड ठेवायला समुद्राचंच पाणी आत ओढतात. ते ओढायला एक रबरी पंखा असतो, मुठीएवढा, सहा पाकळ्यांचा. हे पाणी आधी कूलरमधून, म्हणजे जनरेटरच्या आतलं पाणी थंड करणाऱ्या बारीक नळ्यांच्या डब्यातून फिरतं आणि मग धुराच्या रबरी नळीत शिरून धुराबरोबर बाहेर पडतं. म्हणजे जनरेटरही थंड राहतो आणि नळीही. गाळ, वाळू, शिंपले यांनी पंख्याच्या पाकळ्या तुटतात. तुटल्या की नवा पंखा घालायचा, पाच मिनिटांचं काम. पण तुटलेली पाकळी कुठे गेली? ती पाण्याबरोबर पुढे वाहत जाते आणि कूलरच्या तोंडाशी अडकून बसते. नवा पंखा कितीही फिरला तरी मग पाणी पुढे जात नाही.

मी नोकरीला लागलो त्याच्या आधी अशाच एका पाकळीने आमची एक बोट भर समुद्रात पेटता पेटता राहिली होती. तेव्हापासून मिस्त्रीचा नियम होता, तुटलेला पंखा आणि त्याच्या सगळ्या पाकळ्या एका पांढऱ्या एनॅमलच्या थाळीत मांडायच्या, जिथल्या तिथे, फूल पुरं होईपर्यंत. फूल जुळलं की ऑफिसातून मला बोलवायचं. मी धक्क्यावर जाऊन स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचं आणि रजिस्टरात लिहायचं, "सहापैकी सहा." त्याशिवाय बोटीला गेटपास नाही. मग तो तुटका पंखा पाकळ्यांसकट पाकिटात घालून, बोटीचा नंबर आणि तारीख टाकून, माझ्या कपाटात जायचा. हे कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नव्हतं. पण कंपनीत त्याला कायद्याइतकी किंमत होती.

खलाशी थट्टा करत. "मिस्त्री, फूल लागलं का? की अजून कळीच?" मिस्त्री वर न बघता म्हणायचा, "तुझ्या तिरडीला पाठवतो, थांब जरा."

धाकटा भाऊ मोठा झाला, इंजिन ड्रायव्हरची परीक्षा पास झाला आणि मिस्त्रीने शब्द टाकल्यावर आमच्याच तीन नंबरच्या बोटीवर लागला. दोन्ही भावांत साम्य म्हणाल तर फक्त कान. बाकी हा उंच, बोलघेवडा, हाताचा चपळ. मिस्त्रीला जे काम करायला एक तास लागे ते हा वीस मिनिटांत उरकायचा आणि उरलेल्या चाळीस मिनिटांत सगळ्या धक्क्याला हसवायचा. त्याचं लग्न झालं. मिस्त्रीने राहती खोली नवराबायकोला दिली आणि स्वतः वर्कशॉपच्या मागे एका पत्र्याच्या खोलीत गेला. भावजयीला तो 'धाकटी' म्हणायचा. रोज संध्याकाळी जेवायला मात्र तिच्याकडे. तीही त्याला सख्ख्या सासऱ्यासारखं जपायची. माझ्यासमोर एकदा म्हणाली होती, "यांचं काय सांगायचं भाऊसाहेब, दादा आहेत म्हणून यांना वळण आहे. नाहीतर हे म्हणजे बिनब्रेकची सायकल."

आता त्या दिवसाबद्दल.

तीन नंबरची बोट सकाळी माल उतरवून मोकळी झाली होती आणि दुपारी बाराच्या आत परत निघायची होती. समुद्रात दोन मासेमार बोटी माल भरून वाट पाहत होत्या. मिस्त्रीने पंप उघडला तर पंख्याच्या तीनच पाकळ्या जागेवर. एक तुटकी पंपातच मिळाली. दुसरी पुढच्या नळीत. तिसरी मिळेना.

मला बोलावणं आलं ते साडेदहाला, पण फूल पुरं झालं म्हणून नव्हे. साहेबांनी पाठवलं होतं, बोट का निघत नाही ते बघून या म्हणून. मी इंजिनाच्या खोलीत उतरलो तेव्हा दोघे भाऊ जनरेटरच्या दोन बाजूंना उकिडवे बसले होते.

"कूलरचं मागचं झाकण काढावं लागेल," मिस्त्री म्हणाला.

"दादा, ते झाकण माझ्या जन्माच्या आधीचं गंजलंय. बोल्ट तुटले तर? आणि झाकण पुन्हा बसवायला पॅकिंग आहे का स्टोअरमध्ये? विचार भाऊसाहेबांना."

मी म्हणालो, "पॅकिंग संपलंय. मागवलंय. उद्या येईल."

"ऐक. उद्या येईल. म्हणजे उद्यापर्यंत आपण इथे आरती ओवाळत बसायचं? अरे, ती पाकळी कधीच धुराबरोबर बाहेर पडून समुद्रात गेली असेल. एखाद्या माशाने खाल्ली असेल."

"कूलरच्या नळ्या करंगळीपेक्षा बारीक आहेत. त्यातून पाकळी जात नाही."

"तुकडे होऊन गेली असेल!"

"मग तुकडे दाखव."

धाकटा माझ्याकडे बघून हसला. "बघा भाऊसाहेब. लहानपणी पाढे म्हणताना एक अडलं की हा मला जेवायला द्यायचा नाही. तीच सवय."

"आणि तरी तुला सतराचा पाढा येत नाही," मिस्त्री म्हणाला आणि उठला. "मी वर्कशॉपमधून गंज सोडवायचं तेल आणि मोठा पाना आणतो. तोपर्यंत कशाला हात लावू नको."

मी वर येऊन साहेबांना फोन केला. साहेब जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. तेवढ्यात धाकटा माझ्या बाजूने उडी मारून धक्क्यावर उतरला आणि भंगाराच्या डब्यांकडे गेला. मला वाटलं लघवीला चालला असेल. दोन मिनिटांत परत आला, शीळ घालत.

मिस्त्री तेल घेऊन उतरला आणि खालून आरोळी आली, "सापडली! दादा, सापडली रे!"

मी खाली गेलो. धाकट्याच्या हातात ओली काळी पाकळी होती. "पाणी आत येतं त्या गाळणीकडच्या नळीत होती बघ. जनरेटर बंद केल्यावर पाणी उलटं आलं, त्याबरोबर मागे आली. तू पुढे शोधत बसलास. काखेत कळसा आणि गावाला वळसा."

मिस्त्रीने पाकळी घेतली, फडक्याने पुसली आणि थाळीत मांडली. बराच वेळ बघत राहिला. कडेने एकदा बोट फिरवलं. मग भावाच्या तोंडाकडे बघितलं. धाकटा घामाने निथळत होता आणि शाळेत पहिला नंबर आल्यासारखा हसत होता.

"भाऊसाहेब, लिहा," मिस्त्री म्हणाला.

मी थाळीत पाहिलं. सहा पाकळ्या होत्या. मी लिहिलं. नवा पंखा बसला. जनरेटर पंधरा मिनिटं चालवून पाहिला, बाहेर पाण्याची धार चांगली पडत होती. पावणेबाराला बोट सुटली.

दुसऱ्या दिवशी दुपारी चारच्या सुमारास वायरलेसवर निरोप आला.

जे झालं ते एवढंच. धाकटा रात्रभर इंजिनावर जागा होता, म्हणून दुपारी जेवून मागच्या केबिनमध्ये झोपला. बोटीचा आचारीही भांडी आवरून तिथेच आडवा झाला. वारा होता म्हणून दार लावून घेतलं. बाकीचे तिघे पुढे माल चढवून घेत होते. तेवढ्या वेळात कूलरमध्ये पडलेली खरी पाकळी कधीतरी आडवी झाली आणि पाणी तुंबलं. जनरेटरमध्ये आतलं पाणी तापलं की आपोआप बंद होण्याची सोय असते, पण ती सोय चालायच्या आधीच धुराची रबरी नळी कोरडी पडून जळाली. नळी केबिनच्या फळीमागूनच जात होती. सगळा धूर फळीच्या फटींतून आत. पुढच्या लोकांना मालाच्या गडबडीत काही कळलं नाही. शेवटी जनरेटर थांबला आणि एकदम शांत झालं, तेव्हा तिघांच्या लक्षात आलं. जनरेटर बंद पडला हे सांगायला म्हणून ते ड्रायव्हरला उठवायला गेले.

बोट ओढून आणली. मिस्त्रीने भावाला उचलून स्वतः धक्क्यावर आणलं, कोणाला हात लावू दिला नाही. धाकटीला सांगायला मी आणि साहेब गेलो. ते मी लिहीत नाही.

तिसऱ्या दिवशी चौकशी अधिकारी येणार होते. त्यांच्यासमोर जनरेटर उघडायचा होता. कंपनीकडे दुसरा मिस्त्री नव्हता, म्हणून त्यालाच उघडायला सांगितलं. ही गोष्ट कोणाला खटकली नाही, मलाही नाही. अधिकारी कप्तानाचा जबाब घेत वर थांबले होते. खाली आम्ही दोघेच. मी रजिस्टर आणि ते पाकीट घेऊन उभा होतो.

मिस्त्रीने कूलरचं मागचं झाकण काढायला घेतलं. ज्या बोल्टसाठी सगळं घोडं अडलं होतं, ते सहाही बोल्ट अर्ध्या तासात निघाले. एकही तुटला नाही. झाकण बाजूला केलं आणि त्याने आत बोट घातलं. पाकळी बाहेर काढली. मला म्हणाला, "पाकीट द्या."

त्याने थाळी नव्हती म्हणून रुमालावर पंखा ठेवला. तीन पाकळ्या त्याच्या त्याला. पंपातली एक लावली, नळीतली एक लावली. मग आत्ताची लावली. ती अशी बसली की सांधा दिसेना. पाकिटात आणखी एक उरली होती. त्याने ती तळहातावर घेतली.

"सात," मी म्हणालो.

"गेल्या वर्षी न तुटता नुसता झिजला म्हणून काढलेला पंखा भंगाराच्या डब्यात आहे," मिस्त्री म्हणाला. "मी काल पाहिला. एक पाकळी ओरबाडलेली आहे."

मला तेव्हा धाकट्याचं ते शीळ घालत येणं आठवलं. मी काहीतरी बोलणार होतो, पण वरून अधिकाऱ्यांच्या बुटांचा आवाज आला. मिस्त्रीने ती सातवी पाकळी खिशात टाकली. माझ्या डोळ्यांदेखत. आणि माझ्याकडे बघितलं. विनवणी नव्हती त्यात. रजिस्टर पुढे करा म्हणताना बघावं तसं बघितलं.

अधिकारी वाकून सगळं पाहू लागले. शांत माणूस होता. म्हणाले, "ही पाकळी आत्ता कूलरमध्ये मिळाली?"

"हो साहेब."

"मग तुमच्या नोंदीत सहापैकी सहा कसं?"

"मोजायला चुकलो. पाच होत्या. सहा समजलो."

"पाच आणि सहात चुकलात? इतकी वर्षं काम करून?"

"घाई होती. बोट खोळंबली होती."

अधिकारी माझ्याकडे वळले. "तुम्ही मोजल्या होत्या का?"

माझं उत्तर मी इथे लिहितो, कारण नाहीतर हे सगळं लिहिण्यात अर्थ नाही. मी म्हणालो, "त्यांनी सांगितलं तसं मी लिहिलं."

हे निम्मं खरं होतं. मी थाळी पाहिली होती. त्या दिवशी मी खरं सांगितलं असतं तर मिस्त्रीचं गुपित फुटलं असतं म्हणून गप्प बसलो, असं मी नंतर स्वतःला पुष्कळ वेळा सांगितलं. पण तेव्हा माझ्या मनात माझी नोकरी होती. मिस्त्रीने त्याबद्दल मला कधी एक शब्द विचारला नाही.

निकाल लागायला आठ महिने गेले. तपासणीत निष्काळजीपणा, दोन माणसांचा मृत्यू. मिस्त्रीचा परवाना कायमचा रद्द झाला. कंपनीने तर दुसऱ्याच आठवड्यात काढलं होतं. आचाऱ्याचा बाप रोज सकाळी आमच्या गेटवर येऊन बसायचा. मिस्त्री उरलेलं सामान न्यायला आला तेव्हा म्हाताऱ्याने त्याची कॉलर धरली आणि म्हणाला, "तुला मोजता येत नव्हतं तर आम्हाला बोलवायचंस रे. आम्ही मोजलं असतं." मिस्त्री कॉलर सोडवायलासुद्धा हलला नाही. पहारेकऱ्याने म्हाताऱ्याला बाजूला केलं.

आणि धाकटीने त्याला दार बंद केलं. चार घरांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "पुन्हा या पायरीवर पाय ठेवला तर पाय मोडून ठेवीन."

मी मिस्त्रीला गाठून म्हणालो, "अरे, तिला तरी सांग. इतका मोठा आळ घेऊन कुठवर जगशील?"

तेव्हा तो इमारतींचे पाण्याचे पंप दुरुस्त करत फिरत होता. एका गच्चीवर आम्ही बसलो होतो. म्हणाला, "भाऊसाहेब, सांगून काय होईल? तिचा नवरा स्वतःच्या हाताने मेला आणि आचाऱ्यालाही घेऊन गेला, हे तिने आयुष्यभर उराशी धरायचं? मेलेल्याला शिव्या देऊन बाईमाणसाने जगायचं कसं? मला देते आहे, देऊ दे. मी जिवंत आहे."

"पण तू केलं नाहीस ना."

तो पान्याच्या दांड्यावरचं ग्रीस पुसत राहिला. मग म्हणाला, "पाकळी बसत नव्हती. कड जुळत नव्हती. मला दिसलं होतं."

त्याने पाना खाली ठेवला.

"मनात म्हटलं, रबर आहे, फुगलं असेल. उलटं पाणी मागे येतं, तेही खरं आहे. दुसऱ्या कुणी आणून दिली असती तर कानाखाली वाजवली असती. पण पोराच्या तोंडावर एवढा आनंद होता... मी वर पाहिलं आणि तुम्हाला लिहा म्हटलं. तेव्हा मी अगदीच खोटं बोललो नाही चौकशीच्या साहेबांसमोर. मोजायला चुकलोच."

त्यानंतर मी तो विषय काढला नाही. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी तो किराण्याची पिशवी भावाच्या दारात ठेवून जिना उतरायचा. पिशवी आत जायची. दार त्याच्यासमोर उघडायचं नाही. अशी चार वर्षं गेली.

मागच्या महिन्यात चौकशीची फाइल कायमची बंद झाली आणि पुराव्यात अडकलेलं धाकट्याचं सामान परत करायचा आदेश आला. एक बॅग, घड्याळ, कपडे, ड्रायव्हरचं पुस्तक. पोच घेऊन द्यायचं काम माझं. बॅग जड होती, माझी कंबर आता साथ देत नाही. मी मिस्त्रीला म्हणालो, चल. तो जिन्यापर्यंत बॅग घेऊन आला आणि खालीच थांबला. दुसऱ्या मजल्यापर्यंत ती मी ओढत नेली.

धाकटी थकली आहे. शिवणकाम करते. मशीन खिडकीशी होतं, खोलीभर कापडाचे तुकडे. तिने बॅग उघडली नाही, भिंतीशी सरकवून ठेवली. सही केली. पाणी दिलं. खिडकीतून खाली बघून म्हणाली, "तेही आलेत वाटतं."

जिने चढताना मी ठरवलं होतं. पुढच्या मार्चमध्ये मी निवृत्त होतोय, मला आता कसली भीती? म्हणालो, "बाई, एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहून गेली आहे. त्या दिवशी मिस्त्री मोजायला चुकला नव्हता."

ती म्हणाली, "मला माहीत आहे."

मला वाटलं तिला नीट ऐकू आलं नाही. मी पुन्हा सांगायला लागलो तर तिने हात वर केला.

"बोट सुटल्यावर किनारा दिसेपर्यंत फोन लागतो. यांनी फोन केला होता. हसत होते. म्हणाले, आज दादाला असा उल्लू बनवलाय, जुन्या पंख्याची पाकळी दिली चिकटवून, आल्यावर सांगतो त्याला, जेवताना सांगतो, तोंड बघ त्याचं. मीही हसले भाऊसाहेब. मी हसले फोनवर."

मशीनवर अर्धवट शिवलेली बाही होती. तिने ती उचलली, पुन्हा ठेवली.

"मग चौकशीत..." मी म्हणालो.

"आचाऱ्याची आई याच गल्लीत राहते. रोज दुकानात, रोज जिन्याखाली समोर येते. माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडते. म्हणते, आपण दोघी सारख्याच. खरं बोलले असते तर ती माझ्या दारात येऊन थुंकली असती. आणि दादांनी आधीच कबूल केलं होतं. मला वाटलं, झाकली मूठ राहू दे. तेवढ्यापुरतं म्हणून राहू दिली."

"पण मग त्याला दारातून का परत पाठवता? तो तुमच्यासाठी..."

"माझ्यासाठी करतात तेही माहीत आहे. म्हणून तर." तिचा आवाज पहिल्यांदा चढला. "आत घेतलं तर समोर बसतील. जेवायला वाढावं लागेल. तेव्हा मी काय तोंड दाखवू त्यांना? की तुमचा भाऊ तुम्हाला हसत गेला, आणि मी ऐकलं, आणि तुमचं नाव मातीत जाताना चार वर्षं बघत राहिले? त्यांना वाटतं मला काही ठाऊक नाही. तेवढं एकच त्यांच्याकडे उरलंय. ते काढून घेऊ का?"

एकतीस वर्षं नोंदी ठेवल्या, कोणत्या खान्यात काय जातं ते मला झोपेतही सांगता येतं. इथे खानाच नव्हता.

निघताना ती म्हणाली, "त्यांना सांगा, पुढच्या वेळी साखर कमी आणा. संपत नाही." मग लगेच म्हणाली, "नको. नका सांगू काही."

मी जिना उतरलो. मिस्त्री सायकलला टेकून उभा होता. त्याचे केस आता सगळे पांढरे झाले आहेत आणि डाव्या डोळ्याने त्याला धूसर दिसतं, पण तो मान वर करून त्या खिडकीकडेच बघत होता. खिडकी बंद झाली होती.

"काय म्हणाली?"

"सही केली."

"माझं काही?"

"शिव्या दिल्या," मी म्हणालो.

त्याने मान हलवली. खांदे थोडे सैल पडले, जसे जड ओझं नीट जागी बसल्यावर पडतात. "म्हणजे बरी आहे," तो म्हणाला, आणि सायकलचं स्टँड पायाने वर केलं.